रानांतील अस्वलांस लागलेली लूत

गोठ्यांतील शेळीस लूत लागली, तर ती वार्ता मासिकांत छापण्याजोगी आहे असें कोणासही वाटणार नाहीं. मग सातासमुद्रांपलीकडील अरण्यांतल्या अस्वलांस तोच रोग जडला, त्याची हकीगत आमच्या शेतकरी बंधूंपुढें कां मांडावी, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, रोग तोच आहे. गोठ्यांत जनावर दाव्यास बांधलेलें असतें, औषध हातीं असतें, म्हणून किड्याचा स्वभाव आपणांस पुरता दिसत नाहीं. जेथें दावें नाहीं आणि दवाखानाही नाहीं, तेथें हा किडा कसा वागतो हें पाहिलें, म्हणजे गोठ्यांत आपण कोठें चुकतों तें ध्यानांत येतें. निदान आमच्या ध्यानांत तरी तें तसेंच आलें, आणि तेंही थोडें उशिरां.

अमेरिकेच्या पूर्वभागांत पेनसिल्व्हेनिया म्हणून एक राज्य आहे. विस्तारानें तें आपल्या महाराष्ट्राच्या सुमारें दोनपंचमांश भरेल. त्याची निम्म्याहून अधिक भूमि अरण्यानें आच्छादिलेली असून मधल्या खोऱ्यांतून मका, गवत व दुभत्या गाईंची शेती चालते. या रानांत काळें अस्वल राहतें. मेळघाटांत किंवा गडचिरोलीकडे वारुळें उकरणारें आपलें अस्वल निराळें. अमेरिकेचें काळें अस्वल ओकाच्या झाडाचीं फळें, बोरवर्गी फळें, मुळ्या, किडे, मक्याचीं कणसें, जें मिळेल तें खातें, आणि हिंवाळ्याच्या तोंडीं अंगावर चरबी चढवून गुहेंत, झाडाच्या ढोलींत अथवा पाल्याच्या ढिगांत जाऊन निजतें. मोठा नर दोनशें सत्तर किलोंपर्यंत भरतो. क्वचित् साडेतीनशें किलोंच्या वरचेही नर तेथें मिळालेले आहेत. मादी गुहेंत असतांनाच भर जानेवारींत वितें. एवढ्या मोठ्या जनावराचें पिल्लूं जन्मतां पाव किलोहून थोडेंसेंच अधिक असतें. बहुधा तीन पिल्लें होतात. तीं आईजवळ सुमारें दीड वर्ष राहतात, म्हणजे जन्माचा हिंवाळा आणि त्यापुढचा हिंवाळा असे दोन हिंवाळे एकाच बिछान्यांत काढतात. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

सन १९९० नंतरच्या पहिल्या दोनचार वर्षांत या राज्यांतील अस्वलांमध्यें लूत प्रथम नोंदली गेली. तेव्हांपासून ती पसरत पसरत न्यूयॉर्क, मेरीलंड, पश्चिम व्हर्जिनिया व व्हर्जिनिया या शेजारच्या राज्यांत पोंचली आहे. लूत लागलेलें अस्वल ज्यांनीं प्रथमच पाहिलें, त्यांतील कित्येकांस तें अस्वल आहे हेंच ओळखूं आलें नाहीं. तोंडावरचे व कानांवरचे केस गळून गेलेले, कातडें जाड, राखेच्या रंगाचें व सुरकुत्या पडलेलें, खवल्यांच्या पापुद्र्यांतून दुर्गंधि सुटलेली, पापण्या सुजून डोळे मिटलेले, बरगड्या मोजून घ्याव्या अशा वर आलेल्या. असें जनावर भर दिवसां घराच्या अंगणांत येऊन उभें राहतें, आणि हांकललें तरी जात नाहीं. निरोगी अस्वल माणसाची चाहूल लागतांच पळतें. हें पळत नाहीं, कारण त्याच्या अंगांत पळण्याचें त्राण उरलेलें नसतें.

आतां या रोगाच्या कर्त्याकडे वळूं. पिकावरील लाल कोळी आमच्या वाचकांस ठाऊक आहे. गोचीडही ठाऊक आहे. त्याच मोठ्या कुळांतला, परंतु त्या दोघांहून लहान असा हा किडा आहे. शास्त्रज्ञ त्यास सार्कोप्टिस म्हणतात. पूर्ण वाढलेली मादी अर्ध्या मिलिमीटरहून लहान, म्हणजे पांढऱ्या टिंबाएवढी. माणसाची खरूज या किड्यामुळें होते हें सन १६८७ मध्यें इटलींतील बोनोमो नामक वैद्यानें व चेस्तोनी नामक औषधविक्यानें सूक्ष्मदर्शक यंत्रानें पाहून लिहून ठेविलें. रोगाचें कारण डोळ्यांनीं दिसूं शकणारा एखादा जीव असतो, असें सप्रमाण दाखविल्याचें हें जगांतील अगदीं आरंभींच्या उदाहरणांपैकीं एक होय. तरी पुढें शेंदीडशें वर्षें वैद्य लोक रक्तदोषच धरून बसले होते. लिहिलेला कागद दप्तरांत असणें आणि तो कोणी वाचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आम्हांस महसुलाच्या कारकुनींत उमर घालविल्यामुळें नवें वाटत नाहीं.

मादी कातड्याच्या वरच्या थरांत बीळ कोरीत जाते व त्या बिळांत रोज दोन ते चार अंडीं घालीत जाते. तीन-चार दिवसांनीं अंडें फुटून सहा पायांचें पोर बाहेर पडतें. तें कात टाकून आठ पायांचें होतें, आणखी कात टाकतें, आणि अंड्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आंत स्वतः अंडीं घालावयास सिद्ध होतें. मादी एक-दोन महिने जगते. किड्यानें कोरलेल्या बिळापेक्षां खाजेचें दुःख मोठें, आणि तें किड्याच्या लाळेस व विष्ठेस शरीर जें उलट उत्तर देतें त्यापासून उत्पन्न होतें. म्हणूनच लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत कित्येक आठवडे जाऊं शकतात. तोंपर्यंत जनावर वरून निरोगी दिसतें आणि दुसऱ्यास मात्र लागण देतें. पुढें तें अंग घासतें, ओरबाडतें, केस जातात, जखमांत पू होतो, कातडें आपलें रक्षण करण्यासाठीं जाड होत जातें, आणि त्या जाड पापुद्र्यांत किड्यांची वस्ती हजारोंनीं वाढते.

हा किडा जातीनें एकच. माणूस, कुत्रा, कोल्हा, डुकर, शेळी, उंट, म्हैस अशा शंभराहून अधिक जातींच्या सस्तन प्राण्यांवर तो सांपडला आहे. मात्र ज्या प्राण्यावर तो पिढ्यान् पिढ्या वाढला, त्याच्याच अंगास तो बहुधा रुळलेला असतो. अस्वल हाताळणाऱ्या माणसास मनगटावर काहीं दिवस खाज सुटते, पण माणसावर तो वंश टिकत नाहीं. मेंढीच्या लोकरींत जी लूत पडते तिचा किडा मात्र बहुधा दुसराच, सोरॉप्टिस नांवाचा असतो. अस्वलावरही उर्सिकॉप्टिस व डेमोडेक्स असे दुसरे किडे आढळतात आणि वरून तेही केस घालवितात. तेव्हां केस गेले म्हणजे अमुकच रोग, असें म्हणतां येत नाहीं. कातडें रक्त दिसेपर्यंत खरवडून तें यंत्राखालीं पाहावें लागतें.

येथें आमचीच एक चूक सांगणें प्राप्त आहे. सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही बाजारांतून दोन शेळ्या आणल्या. एक कान घाशीत असे. नव्या जागेमुळें करीत असेल असें समजून आम्ही सोडून दिलें. महिन्याभरांत घरच्या मिळून पांच शेळ्यांच्या तोंडावर खवले धरले. पशुवैद्यांनीं सुई टोचली व दोन आठवड्यांनीं पुन्हा सर्व शेळ्या घेऊन या म्हणून बजावलें. दहाव्या दिवशीं नवे केस फुटूं लागले. मग पुन्हा कशाला जा-ये करावी, असा विचार करून आम्ही घरीं बसलों. शेजारचे तात्या म्हणाले, “आण्णासाहेब, करंजेल तेलांत गंधक घालून चोळा, आणि एकदां नव्हे, आठवड्या-आठवड्यानें चोळा.” त्यांच्या बोलण्यास आम्ही हंसलों. दीड महिन्यानें लूत परत आली. एक करडूं त्यांत गेलें. वस्तुतः गंधक हें लुतेवरचें फार जुनें औषध आहे, आणि तात्यांच्या सांगण्यांतील खरा मुद्दा ‘आठवड्या-आठवड्यानें’ हा होता. औषधानें किडे मरतात, अंडीं मरत नाहींत. पहिल्या सुईच्या वेळीं जीं अंडीं होतीं, त्यांतून निघालेल्या पोरांसाठीं दुसरी सुई होती. ती आम्ही दिलीच नाहीं.

अस्वलाची सारी अडचण नेमकी हीच आहे, आणि त्याच्या बाबतींत ती कोणाच्या आळसामुळें नाहीं.

या रोगावर आज मुख्य औषध आयव्हरमेक्टिन हें आहे. तें मातींतून निघालें आहे, म्हणून शेतकऱ्यास त्याची कथा ठाऊक असावी. जपानांत सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञानें शिझुओका प्रांतांतील कावाना येथील मातीचा नमुना घेतला. त्यांत एक सूक्ष्म जीव सांपडला. त्यापासून अमेरिकेंत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सोबत्यांनीं कृमिनाशक द्रव्य वेगळें केलें. सन १९८१ पासून तें जनावरांसाठीं विकलें जाऊं लागलें व पुढें माणसांच्याही उपयोगीं पडलें. या दोघांस सन २०१५ मध्यें नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. मूठभर मातीची एवढी किंमत दुसऱ्या कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पण अस्वलास हें औषध द्यावयाचें कसें? त्यास पिंपाच्या अथवा लोखंडी नळीच्या सांपळ्यांत धरावें, गुंगीचें औषध टोचून निजवावें, मग सुई द्यावी, कानांत बिल्ला बसवावा आणि शुद्धीवर आल्यावर सोडून द्यावें. दोन आठवड्यांनीं तेंच अस्वल पुन्हा कोण धरून आणणार? तें तोंपर्यंत कित्येक मैल गेलेलें असतें, आणि एकदां फसलेलें जनावर सांपळ्यास सहसा दुसऱ्यांदा फसत नाहीं. आयव्हरमेक्टिनचा अंमल शरीरांत कांहीं दिवसच टिकतो. एवंच एका सुईनें कांहीं अस्वलें बरीं होतात, कांहींस अंडीं फुटल्यावर रोग पुन्हा उलटतो, आणि जें बरें होतें तेंही त्याच मक्याच्या ढिगावर, त्याच रोगी सोबत्याशेजारीं पुन्हा जेवावयास जातें.

दुसरी अडचण मांसाची. पेनसिल्व्हेनियांत अस्वलाची शिकार परवान्यानें होते व मांस खाल्लें जातें. सन २०१९ मध्यें तेथें ४,६५३ अस्वलें मारलीं गेलीं, हा त्या राज्याचा उच्चांक होय. सुई दिलेलें अस्वल थोड्याच दिवसांत शिकाऱ्याच्या बंदुकीखालीं आलें तर औषधाचा अंश ताटांत येतो. आपल्याकडेही हाच विचार दुभत्या जनावरास लागू आहे. हें औषध दुधांत उतरतें. म्हणून दूध देणाऱ्या शेळीस अथवा म्हशीस पशुवैद्यास विचारल्यावांचून तें देऊं नये, आणि मांसासाठीं विकावयाच्या जनावराबाबत किती दिवस थांबावें हेंही त्यांनाच विचारावें.

अलीकडे फ्लुरालेनर नांवाचें दुसरें औषध निघालें आहे. तें कुत्र्यांच्या गोचिडांसाठीं केलेलें असून एका मात्रेचा अंमल कित्येक आठवडे राहतो, म्हणजे अंड्यांतून पोरें बाहेर पडलीं तरी औषध अंगांत असतेंच. अस्वलांवर त्याचे प्रयोग झाले आहेत. मांसाचा प्रश्न मात्र त्यानें सुटत नाहीं, उलट औषध जितकें टिकाऊ तितका तो कठीण होतो.

याखेरीज पेनसिल्व्हेनियाचें गेम कमिशन, म्हणजे वन्यपशूंचें सरकारी खातें, यानें तेथील विद्यापीठाच्या साहाय्यानें एक शहाणपणाचें काम केलें. त्यांनीं माद्यांच्या गळ्यांत ठावठिकाणा कळविणारे पट्टे बांधले. कांहीं निरोगी, कांहीं लुतेच्या पण औषध दिलेल्या, आणि कांहीं लुतेच्या पण मुद्दाम औषध न दिलेल्या. हें तिसरें ऐकून दया येईल खरी. परंतु औषध न देतां किती जगतात हें मोजल्यावांचून, औषध दिल्यानें किती वांचलीं हें कळणार तरी कसें? एका शेतांत नवें खत घालावयाचें तर शेजारचा एक वाफा बिनखताचा ठेवावा लागतो, त्यांतलाच हा प्रकार. फार लूत लागलेलीं कांहीं अस्वलें औषधावांचूनही बरीं होऊन पुन्हा केसाळ झालेलीं तेथें पाहण्यांत आलीं आहेत. म्हणून दिसेल त्या रोगी अस्वलास धरावें, अथवा दिसेल त्यास गोळी घालावी, हीं दोन्ही मतें तेथें चालतात आणि दोन्ही अपुरीं आहेत. अगदीं खंगलेलें, उठूं न शकणारें जनावर असेल तर अधिकारी त्यास मारून दुःखांतून सोडवितात. बाकीच्यांबद्दल प्रत्येक राज्याचें धोरण थोडें थोडें निराळें आहे.

अस्वल हा एकटा राहणारा प्राणी. कळप नाहीं, गोठा नाहीं. मग लूत पसरते कशी? समागमाच्या दिवसांत नर-मादी जवळ येतात तें एक. आईपासून पिल्लांस लागते तें दुसरें. वर सांगितलेले दोन हिंवाळे येथें आठवावे. गुहेंत आईच्या अंगाची ऊब, श्वासाची ओल आणि पालापाचोळ्याचा बिछाना असतो. हा किडा अंगावरून गळून पडल्यावर कडक उन्हांत व कोरड्या हवेंत एकदोन दिवसांत मरतो, पण थंड व ओलसर जागीं आठवडाभर, कधीं त्याहूनही अधिक जिवंत राहूं शकतो. तेव्हां गुहेचा बिछाना त्यास अनुकूलच. त्यांत खाजेनें झोंप मोडते, झोंप मोडली कीं सांठविलेली चरबी जळते, आणि वसंतापूर्वींच केस नसलेलें जनावर बर्फांत बाहेर पडतें. तेथील थंडीचा अनुभव आम्हांस नाहीं. परंतु माघांत कातरलेल्या मेंढ्या रात्रीं कशा कुडकुडतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास कल्पना येईल.

तिसरें कारण माणूस आहे, आणि आमच्या मतें तेंच मुख्य धरावें, कारण तेवढेंच आपल्या हातांतलें आहे. तेथील पुष्कळ गृहस्थ अंगणांत पक्ष्यांसाठीं सूर्यफुलाच्या दाण्यांचे पाळणे टांगतात. केरकचऱ्याचीं पिंपें रात्रभर उघडीं असतात. कोणी हरणें यावीं म्हणून मक्याचा ढीग घालतो. रानांत ओकाचीं फळें कोसभर विखुरलेलीं असतात, तीं खातांना दोन अस्वलांची गांठ पडत नाहीं. मक्याचा ढीग एका जागीं असतो. तेथें आज एक येतें, तेथेंच बसतें, अंग घासतें, खवले गाळतें. उद्यां दुसरें त्याच जागीं येतें. एकट्या राहणाऱ्या प्राण्यास आपण अशा रीतीनें गोठ्यांत आणून बांधतों, फक्त दावें दिसत नाहीं. पेनसिल्व्हेनियांत अस्वलास मुद्दाम खाऊं घालणें कायद्यानें वर्ज्य आहे. तरीही अंगणांत आलेल्या केस गेलेल्या, हाडकुळ्या अस्वलास पाहून मन द्रवतें आणि माणूस पाव टाकतो. त्या पावानें त्या अस्वलाचे दोन दिवस निघतात. पण रोगाची जागा कायम होते, आणि पुढच्या आठवड्यांत धडधाकट मादी पिल्लांसह तेथें येते. अशा वेळीं खात्याचें सांगणें असतें कीं, पाळणे काढा, खालीं सांडलेले दाणे झाडून टाका, पिंपें बंद ठेवा, शेजाऱ्यासही सांगा, आणि अस्वल कोठें दिसलें तें आम्हांस कळवा. ऐकणाऱ्यास हें निष्ठुर वाटतें.

लूत तेथल्या अस्वलांत आली कोठून? लाल कोल्ह्यांत ती त्या मुलखांत पूर्वींपासून होती, आणि कोल्ह्यापासून अस्वलास लागली असावी असा तर्क आहे. कोल्ह्या-लांडग्यांच्या लुतेचा एक इतिहास मात्र तर्काचा नव्हे, कायद्याच्या पुस्तकांतला आहे. सन १९०५ मध्यें पश्चिमेकडील मोंटाना राज्यानें असा कायदा केला कीं, सरकारी पशुवैद्यानें लांडगे व कोयोटी नांवाचे कोल्ह्यासारखे प्राणी धरावे, त्यांस मुद्दाम लूत लावावी आणि रानांत सोडून द्यावें, म्हणजे त्यांचे जातभाई मरून गुराढोरांचें रक्षण होईल. पशुवैद्याच्या हातून रोग लावविणारा हुकूम आम्हीं दुसरा वाचलेला नाहीं. पुढें त्या भागांतील लांडगे बंदुकीनें व विषानें नाहींसे झाले. सन १९९५ व १९९६ मध्यें यलोस्टोन येथील राखीव अरण्यांत कानडाहून लांडगे आणून पुन्हा सोडण्यांत आले. आणि सन २००७ मध्यें त्या नव्या लांडग्यांस लूत लागलेली आढळली. कोयोटींच्या अंगावर शंभर वर्षें टिकून राहिलेला तो जुनाच किडा होय, असें बरेच जाणकार समजतात.

या रोगानें अस्वलांचा निर्वंश होईल काय? इतर प्राण्यांचीं उदाहरणें भीति वाटावी अशींच आहेत. सन १९८७ मध्यें स्पेनमधील काझोर्ला येथील डोंगरी बोकडांस लूत लागली आणि शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक मेले. इंग्लंडांत ब्रिस्टल शहरांतले कोल्हे सन १९९४ पासून दोन वर्षांत तितक्याच प्रमाणांत संपले. टास्मानियांतील एका राखीव रानांत वॉम्बॅट या बिळांत राहणाऱ्या प्राण्याची हीच गत झाली. पेनसिल्व्हेनियाच्या अस्वलांचें तसें झालें नाहीं. सन १९७० नंतरच्या दशकांत तेथें सुमारें चार हजार अस्वलें होतीं. लूत येऊन पंचवीस-तीस वर्षें झाल्यावर त्यांची संख्या सोळा ते अठरा हजारांच्या घरांत होती. बोकड कळपानें राहतात, वॉम्बॅट एकमेकांच्या बिळांत शिरतात, कोल्हे दाट वस्तीनें राहतात. अस्वल एकटें हिंडतें. तोच त्याचा बचाव. अर्थात् संख्या वाढते म्हणून प्रत्येक जनावराचें हाल होणें थांबत नाहीं, आणि संख्या दाट होत गेली म्हणजे हा एकांत तरी कितपत टिकेल, हा विचार तेथील अधिकाऱ्यांस सुटलेला नाहीं.

आमच्या शेळ्यांस त्या सालीं पुन्हा औषध दिलें, तें एका रोगीस न देतां सगळ्यांस, आणि दोन आठवड्यांनीं दुसऱ्यांदा. गव्हाण उन्हांत टाकली, खालचा ओला पाचोळा जाळला, बाजारांतून आणलेलें नवें जनावर महिनाभर परसांत निराळें बांधावयाचें ठरविलें. तात्यांच्या करंजेल तेलाची बाटली अजून कोनाड्यांत आहे. ती आम्ही फेंकलेली नाहीं.